पाणीवालं घर

१

पहिली चुकीची गोष्ट म्हणजे रोहिदासभाऊ वर आले.

डिलिव्हरीवाला वर आला, यात चुकीचं काय, असं कोणीही विचारेल. पण त्याआधीचे दोन महिने मी काढले होते.

आमची इमारत जळगावात महामार्गाच्या पलीकडच्या नव्या कॉलनीत आहे. आठ फ्लॅट, त्यातले सहा अजून कुलूपबंद. लिफ्टचा खड्डा तयार आहे, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते, एकटी. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच विम्याचे फॉर्म तपासते. उन्हाळ्यात मेस बंद झाली तशी दुपारचं जेवण मोबाईलवरून मागवायला लागले. दीडच्या उन्हात आमच्या भागात यायला कोणी तयार नसतं. यायचे ते बहुतेक वेळा रोहिदासभाऊच. नाव ॲपवर दिसायचं म्हणून माहीत. बोलताना मी त्यांना नुसतं 'दादा' म्हणायची. पंचेचाळिशीचे असतील. मूळचे धुळ्याकडचे, आधी इथल्या एका डाळमिलमध्ये कामाला होते. चेहरा मी धड कधी पाहिला नव्हता. मे महिन्यात इथे सगळेच डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरा रुमाल गुंडाळून फिरतात.

"ताई, खाली या." रोज फोनवर एवढंच.

"दादा, माझी मीटिंग चालू आहे. वर नाही का येता येणार?"

"तुमले मीटिंग शे, माले गुडघा शे. या खाली."

मला कोणी चढ्या आवाजात बोललं की हातपाय गार पडतात. म्हणून मी ऑर्डर करतानाच टिप टाकून ठेवायला लागले. म्हटलं, नरम पडतील. तर दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "टिप पाहिली. पण टिप काय जिना चढस का, ताई?" एकदा मी चिडून त्यांना एकच तारा दिला, आणि मग इतकी घाबरले की दोन दिवस त्यांचं नाव दिसलं की ऑर्डर रद्द करत होते. तिसऱ्या दिवशी निमूट जिना उतरून गेले. पार्सल हातात देताना ते दुसरीकडे बघत होते, आणि मीही.

असं सगळं असताना त्या मंगळवारी दारावरची बेल वाजली. मी खुर्चीतून अक्षरशः उडाले.

दुपारी मी लाकडी दार उघडंच ठेवते, नाहीतर कूलरची हवा खेळत नाही. बाहेरचं गजांचं दार तेवढं कडी लावून बंद. गजांपलीकडे रोहिदासभाऊ उभे होते. रुमाल गळ्यात उतरवलेला. चेहरा शांत, मिशा ओल्या. मिशांवरून एक थेंब सावकाश ओघळला आणि शर्टावर पडला.

त्यांनी पार्सल दोन्ही हातांनी पुढे केलं. मी घाईनं कपाटावरची नोट उचलून त्यांच्यापुढे धरली.

"आबांनी दिलं ना पाणी," ते म्हणाले. "आता पैसे कशाले?"

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, मान लववली आणि अगदी घरच्यासारखं म्हणाले, "येतो, आबा."

२

माझं घर दोन खोल्यांचं आहे. शोधायला अर्धं मिनिट लागतं. मला दहा लागली, कारण प्रत्येक दाराआड बघायच्या आधी मी मनात पाचपर्यंत मोजत होते.

कोणी नव्हतं. पलंगाखाली सुटकेस होती, न्हाणीघरात बादली होती.

मग डोकं चालवलं. रोहिदासभाऊ आधी दुसऱ्या मजल्यावर गेले असतील, तिथे कोणा म्हाताऱ्यांनी पाणी दिलं असेल. पण दुसऱ्या मजल्याला कुलूप होतं. तळमजल्यावर ज्योत्स्नाकाकूंचं शिवणकामाचं दुकान आणि घर. त्यांच्याकडे आबा म्हणावं असं कोणी नाही. मग उन्हानं भ्रमिष्ट झाले असतील. तेही पटेना. भ्रमानं मिशा ओल्या होत नाहीत.

पार्सल ठेवायला वळले तेव्हा फरशीवरचं ते दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला, चपलांचा स्टँड आणि भिंत यांच्यामध्ये, ओलं वर्तुळ. घागरीच्या बुडाएवढं. मी बोट लावलं. गार होतं. त्या वेळी नळाला येणाऱ्या पाण्यात चहा झाला असता, आणि हे गार.

वाकून वास घेतला. वाळ्याचा.

माझ्या कूलरला साधं लाकडी गवत आहे, वाळा नाही. तरी मी मनाशी म्हटलं, कूलरच असेल. आणि जेवायला बसले. 

३

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी माझी ऑर्डर घ्यायला कोणी मिळत नसे. ॲपवर ते गोल चक्र फिरत राहायचं. आता बटण दाबलं की क्षणात कोणीतरी निघालेलं असायचं.

शुक्रवारी निंबा नावाचा एकजण आला. हा बोलका. पार्सल देताना गालभर हसला.

"ताई, तुमच्या घराचं नाव झालंय आमच्यात."

"कसलं नाव?"

"पाणीवालं घर. चौकातल्या लिंबाखाली आम्ही बसतो ना, तिथं तुमची ऑर्डर वाजली की भांडणं होतात. कालची तर रोहिदासनं माझ्या हातातून हिसकली. तोच रोहिदास, जो पहिल्या मजल्यावर जायला रडतो!"

"निंबादादा, पाणी कोण देतं तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गंमत करतेय. "आबा देतात. तुमचेच आबा."

"कसे आहेत दिसायला?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा विचारलं.

निंबा जरा गडबडला. डोकं खाजवलं. "दिसायला म्हणजे... ताई, उन्हातून एकदम आत बघितलं का काळंच दिसतं. हात दिसतो. बोलत काही नाहीत. आपण पीत असतो ना, तेवढा वेळ बघत राहतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? पाणी कुठून आणता? म्हणजे, हे पिल्यापासून दुसरं पाणी लागतच नाही. घरी आख्खा तांब्या रिकामा करतो, पण तहान तिथल्या तिथं."

त्याचे ओठ फुटले होते. बोलताना खालच्या ओठाला रक्ताची बारीक रेघ आली, ती त्यानं जिभेनं पुसली.

मी त्याला फ्रिजमधली बाटली आणून दिली. नको म्हणाला नाही, पण उघडलीही नाही. काखेत धरून जिना उतरला.

४

रोज दुपारी चारला फैजपूरहून आईचा फोन असतो. आईला, सुनंदाबाईंना, माझा आवाज ऐकून माझं वजनसुद्धा कळतं.

"काय झालं वं? आवाज कसा येऊ राह्यला तुझा?"

"काही नाही. आई, आखाजीची घागर नंतर काय करायची असते?"

थोडा वेळ पलीकडे नुसतं भांडं घासल्याचा आवाज. मग तो थांबला.

"तुले कायले पाहिजे?"

मग सांगावंच लागलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला सुट्टी मिळाली नव्हती. घरी सगळ्या बहिणी जमलेल्या, केळीच्या मळ्यात झोके बांधलेले, मोबाईलवर त्यांचे फोटो येतायत, आणि मी इथे फॉर्म तपासतेय. गाडीवर मातीची लहान घागर दिसली, पितरांच्या नावानं भरतात तशी, घेऊन आले. पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबा ठेवला. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून दाराशी ठेवली, चपलांच्या स्टँडजवळ. मला तेवढंच घरी असल्यासारखं वाटलं.

"पोरीनं आखाजीले माहेरी यायचं, झोके घ्यायचे. घागर भरणं तुझं काम व्हतं का?" आई म्हणाली. पण आवाजात राग कमी, काळजी जास्त. "बरं, नाव कोणाचं घेतलं?"

"आजोबांचं."

"मग झालं. ज्याचं नाव घेतलं त्याले पाणी पोचतं. नाव नाही घेतलं तर ते पाणी कोणाचंच नाही, अन् कोणाचंबी." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. "तुझ्या योगराजकाकानं लहानपणी गमतीत शेजारच्या नथ्थूचं नाव घेतलं व्हतं घागरीवर. नथ्थू तिथंच उभा, चांगला जिता! तुझ्या आजोबांनी काकाच्या कानफटात अशी दिली का तीन दिवस डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं त्याले."

"का पण?"

"का काय? जित्याचं नाव घेतात का? घागर गेलेल्यांची असते."

"मग नथ्थूकाकांना काही झालं?"

"झालं ना. सरपंच झाला."

आम्ही दोघी हसलो. मग फोन ठेवला.

मी आजोबांचं नाव घेतलं नव्हतं. पाणी भरत असतानाच ऑफिसचा कॉल आला होता. डांगर ठेवता ठेवता, कानात हेडफोन, मी घाईघाईत मनात म्हटलं होतं: जे कोणी असाल ते या, प्या.

दुसऱ्या दिवशी घागर रिकामी होती. मला वाटलं, कच्ची निघाली, झिरपली. सकाळी घंटागाडीत टाकून दिली.

५

मी भित्री आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण माझी भीती जरा विचित्र आहे. पाल दिसली की मी किंचाळते, आणि मग ती कुठे गेली हे कळेपर्यंत मला त्या खोलीतून बाहेर पडता येत नाही. न बघणं मला जमतच नाही.

सोमवारी मी जेवण मागवलं. जुना मोबाईल चपलांच्या स्टँडवर, खालच्या फळीवर, दाराकडे तोंड करून ठेवला. रेकॉर्डिंग सुरू केलं. आत जाऊन कूलरसमोर बसले आणि हेडफोन लावले. त्या खोलीतून दार दिसत नाही. बारा पावलांचं अंतर आहे. मी मोजलं होतं.

एक पस्तीसला बेल वाजली. रोहिदासभाऊंनी पार्सल दिलं, आत बघून मान लववली आणि गेले. मी कडी तपासली आणि पलंगावर बसून रेकॉर्डिंग लावलं.

आधी बराच वेळ नुसते गज आणि पलीकडचा जिना. कूलरची घरघर. मग पावलं. एक पाय ओढत चढल्याची. रोहिदासभाऊ आले, चपला काढल्या, दारासमोर उकिडवे बसले. त्या दुखऱ्या गुडघ्यावर. बेलकडे पाहिलंही नाही. कपाळ गजांना टेकवलं, ओंजळ गजांतून आत घातली आणि तोंडाशी धरली.

आणि ओंजळीत धार पडली.

पाणीच होतं. स्वच्छ, सरळ, बोटभर जाड. माझ्या घरातून, आतल्या बाजूनं. मोबाईल खाली ठेवलेला, त्यामुळे वरचं दिसत नव्हतं. लोटा नाही, हात नाही. चित्राच्या वरच्या कडेतून धार येत होती आणि ओंजळीत पडत होती.

मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, आणि मग माझ्याच्यानं बसवेना. माणूस उभा राहून पाणी वाढतो तेव्हा धार तिरकी येते, कमरेच्या उंचीवरून. ही ओळंब्यासारखी सरळ होती. आणि पडताना तिचा जो आवाज होता, तो खूप वरून पडणाऱ्या पाण्याचा होता. माझ्या घराचं छत नऊ फुटांवर आहे.

ते चार मिनिटं पीत होते. शेवटी त्यांनी तोंड बाजूला केलं, धाप टाकली, ओंजळ मोडून तळवा आडवा धरला. आपण पंगतीत धरतो तसा.

"बस, आबा. बस."

धार थांबली नाही. तळव्यावर पडत राहिली, बोटांमधून गळत राहिली. त्यांनी क्षणभर वर पाहिलं. मग पुन्हा ओंजळ केली आणि पुन्हा प्यायला लागले.

फरशीवर एवढं पाणी सांडलं, पण मी दाराशी गेले तेव्हा फक्त ते वर्तुळ होतं.

६

घरमालक हितेंद्रभाऊ धुळ्यात असतात. त्यांना फोन केला. थेट कसं विचारणार? म्हणून आडून आडून विचारलं, या फ्लॅटमध्ये आधी कोण राहायचं?

"कोणी नाही. तुम्हीच पहिल्या. का हो?"

"आणि इमारतीच्या आधी इथे काय होतं?"

"शेत. सगळीकडे शेतच होतं ना ताई. काय प्रॉब्लेम आहे, स्पष्ट सांगा."

"दाराशी पाणी येतं."

ते मोठ्यानं हसले. "लोक मे महिन्यात पाणी नाही म्हणून फोन करतात. तुम्ही आहे म्हणून करताय! प्लंबर पाठवतो पुढच्या सोमवारी."

म्हणजे विहिरीत पडलेलं कोणी नाही, गळफास घेतलेलं कोणी नाही, काहीच नाही. मला धीर यायला हवा होता. उलट वाटलं, निदान कोणीतरी असतं तर त्याचं नाव तरी कळलं असतं.

७

मी जेवण मागवणं बंद केलं. खिचडी लावायला लागले, आणि दुपारी उकाड्यात लाकडी दारही बंद ठेवलं. निंबा आणि बाकीचे यायचे थांबले. ऑर्डरच नव्हती, तर कशाला येतील?

रोहिदासभाऊ मात्र आले.

बुधवारी दीड वाजता जिन्यात त्यांच्या फोनची रिंग वाजली. त्यांची रिंगटोन म्हणजे कोंबडा आरवतो. भर दुपारी तो आरवला आणि माझ्या हातातला डाव खाली पडला. मी लाकडी दार उघडलं. ते गजांपलीकडे बसलेले, हात रिकामे, रुमाल खांद्यावर. गाल आत गेले होते. ओठांवर सालं.

"दादा, मी काही मागवलं नाहीये."

"माहीत शे."

"दादा, ऐका. या घरात मी एकटी राहते. आबा वगैरे कोणी नाही. तुम्ही इथलं पाणी पिऊ नका."

त्यांनी मान वर केली आणि तो जुना, फोनवरचा आवाज परत आला. मला, काय सांगू, बरंच वाटलं तो ऐकून.

"दोन महिने मी तुमना डबा आणी राहिनू. पंचेचाळीस डिग्रीमा. एक दिवस तरी ईचारं का, दादा, पाणी पेशात का? मोबाईलमाईन वीस रुपया फेकात. आणि ज्यानी वरतून हात करीसन बलावं, त्याले तुम्ही 'कोणी नाही' म्हणतस?"

पाणी पिता का, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. खरंच होतं ते. आमच्याकडे फैजपूरला उन्हातून दारी आलेल्या माणसाला, मग तो वीजबिलवाला का असेना, पाण्याचा तांब्या आधी पुढे करतात. आणि इथे मी टिपचं बटण दाबत होते, म्हणजे तोंड उघडायला नको.

मी धावत जाऊन फ्रिजमधलं पाणी तांब्यात ओतून आणलं. गजांतून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि जिन्यात थुंकला.

"हाई पाणी नही, ताई." आता आवाजात राग नव्हता. लहान मुलासारखे दमलेले वाटले ते. "बायको म्हणस दवाखान्यात चला. घरनं बठ्ठं पाणी पिसन बी तोंड कोरडंच. इथं आलं का बरं वाटतं."

"दादा, उद्यापासून येऊ नका. हात जोडते."

ते गजांना धरून उठले. "उद्या शेवटचं. उद्या त्यांनी मधमा बलायं शे."

"आत बोलावलंय? कुठे आत?"

त्यांनी माझ्या मागे, घरात बोट दाखवलं.

८

गुरुवारी बारालाच मी घराला कुलूप लावलं. आधी लाकडी दार, मग गजांचं. किल्ली मुठीत घेऊन ज्योत्स्नाकाकूंच्या दुकानात जाऊन बसले. ठरवलं होतं, रोहिदासभाऊंना पार्किंगमध्येच अडवायचं. गरज पडली तर हात धरून डॉक्टरकडे न्यायचं. मला एवढंच हवं होतं, की तो माणूस जिना चढू नये.

काकू मशीनवर परकर शिवत होत्या. "काय गं, आज ऑफिसला दांडी?"

"डोकं दुखतंय." सव्वा वाजला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. "काकू, ते डिलिव्हरीवाले येतात ना, रुमालवाले, लंगडतात जरा. आले की मला सांगा."

मशीन थांबलं. "तो? तो तर मघाशीच वर गेला की. तू आत पंख्याखाली पाणी पीत होतीस तेव्हा."

मी उठले तेव्हा स्टूल पडलं.

"अगं, वरून कोणीतरी हात केला त्याला, तुझ्या खिडकीतून. मला वाटलं तूच." मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी त्यांच्या समोर, त्यांच्या दुकानात उभी आहे हे पाहिलं, आणि परकर हातातच राहिला.

पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी होती. आरशाला हेल्मेट अडकवलेलं. मी जिना चढले. कसा चढले आठवत नाही.

माझ्या दारासमोर त्यांच्या चपला होत्या. एकीशेजारी एक, टाचा भिंतीला टेकवलेल्या. पाहुणा घरात जाताना काढतो तशा.

कुलूप जसंच्या तसं होतं. हलवून पाहिलं. किल्ली माझ्या मुठीत होती, तळव्यात रुतलेली.

मी गजांतून हात घालून लाकडी दारावर थाप मारली. दार गार होतं. गजांना कान लावला. कूलर बंद होता, मीच बंद केला होता. आत कुठेतरी पाणी पडत होतं, वरून, खूप वरून. आणि त्या आवाजाच्या मधून मधून त्यांचा आवाज, थकलेला, जवळजवळ विनवणी केल्यासारखा: "बस, आबा... बस..."

उघडायला हवं होतं. मला माहीत आहे. किल्ली कुलपाला लावलीही. तेवढ्यात दाराखालच्या फटीतून पाण्याची जीभ बाहेर आली आणि माझ्या पायाच्या बोटांना लागली. इतकी गार, आणि वाळ्याचा तो वास. एका क्षणात माझं तोंड कोरडं पडलं. असं कोरडं, की दुसरं काही सुचेना.

मी पळाले. तीन जिने. पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीच्या सीटला धरून उभी राहिले तेव्हा हात भाजला, आणि त्या चटक्यानं डोकं जाग्यावर आलं.

९

काकू नवऱ्याला फोन करायला आत धावल्या होत्या. कुलूप तोडायला माणसं घेऊन या म्हणून त्यांचा ओरडल्याचा आवाज येत होता. मी माझा फोन काढला. रोहिदासभाऊंचा नंबर, दोन महिने रोज दीड वाजता वाजणारा. पहिल्यांदाच मी तो लावत होते.

वर, माझ्या बंद घरात, कोंबडा आरवला. खिडकी उघडी होती. मी ती बंद करून आले होते. आरवत राहिला, मग थांबला. उचलला नाही.

पुन्हा लावला. पुन्हा कोंबडा. या वेळी आवाज घुमत होता, घागरीत तोंड घालून ओरडल्यासारखा.

मला सारखं एकच दिसत होतं: त्यांच्या चपला. बायको घरी वाट बघत असेल, दवाखान्यात न्यायला. तो माणूस फक्त उन्हातून आला होता. आणि 'या' म्हणणारी मी होते. कोणाला म्हटलं, तेही न बघता.

तिसऱ्यांदा लावला. आरवणं मध्येच तुटलं.

कोणीतरी फोन उचलला होता. पलीकडे नुसती धार ऐकू येत होती, सरळ, न थांबणारी. मी श्वास घेतला. दोन महिने जे त्यांनी मला रोज सांगितलं होतं, ते मी वर खिडकीकडे बघून, सगळा जीव एकवटून त्यांना सांगितलं. दादा नाही म्हटलं. ऐकू जावं म्हणून नावानं हाक मारली.

"रोहिदासभाऊ! रोहिदासभाऊ, खाली या!"

धार थांबली.

मग फोनमध्ये कोणीतरी घसा साफ केला. म्हातारा, सावकाश, खूप दिवसांनी बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता. समाधानाचा.

"हां," तो म्हणाला. "आता घेतलं नाव."